किती यापेक्षा कधी: स्त्रियांच्या कोणत्या तक्रारी डॉक्टरांना दाखवाव्यात

पाळी, अंगावरून जाणे, ओटीपोटात दुखणे या तक्रारींबद्दल स्त्रियांच्या मनात येणारा प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: हे असे होतेच, की दाखवायला हवे? प्रश्न साधा आहे, पण उत्तर अवघड आहे. शरीरात इतरत्र कुठूनही रक्त आले, किंवा ठरावीक दिवसांनी एखादा अवयव दुखू लागला, तर ते बिघाडाचे लक्षण आहे याविषयी कोणालाच शंका नसते; गर्भपिशवीच्या बाबतीत मात्र या दोन्ही गोष्टी निरोगीपणाचाच भाग असू शकतात. रक्त दिसले तरी घाबरायचे नाही हे प्रत्येक मुलगी वयात येतानाच शिकते, आणि पुढे ज्या रक्तस्रावाची खरोखर दखल घ्यायला हवी त्याच्याकडेही ती त्याच सवयीने पाहते.

त्रास किती होतो यावरून धोका जोखण्याची आपली रीत या बाबतीत विशेष फसवी ठरते. पाळीच्या पहिल्या दिवशी गडाबडा लोळायला लावणारी कळ पुष्कळदा निरुपद्रवी असते, तर पाळी गेल्यानंतर चार वर्षांनी कपड्याला लागलेला, मुळीच न दुखणारा गुलाबी डाग वेळ न दवडता तपासून घ्यावा लागतो. म्हणून लक्षण किती तीव्र आहे याआधी ते कधी येते, नेहमीपेक्षा काय बदलले आहे आणि स्त्रीचे वय काय, हे पाहायला हवे. डॉक्टरही तपासणीपूर्वी याच प्रश्नांपासून सुरुवात करतात.

पाळीचे गणित

पाळीचे चक्र मोजताना एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंतचे दिवस धरतात. रक्त थांबल्यापासून मोजण्याची चूक अनेकींकडून होते आणि ‘माझी पाळी 22 दिवसांतच येते’ असा नाहक घोर लागतो. स्त्रीरोग व प्रसूतितज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे फिगोने, 2018 मध्ये सुधारलेल्या निकषांनुसार हे चक्र 24 ते 38 दिवसांचे असावे, रक्तस्राव 8 दिवसांहून जास्त चालू नये, आणि सर्वांत लहान व सर्वांत मोठ्या चक्रांतला फरक साधारण 7 ते 9 दिवसांच्या पुढे जाऊ नये. पाळी नुकतीच सुरू झालेल्या मुलींना यात सूट आहे. पहिली दोन-तीन वर्षे 21 ते 45 दिवसांचे चक्रही स्वाभाविक मानतात, कारण त्या वयात दर महिन्याला बीज बाहेर पडतेच असे नाही.

बीज बाहेर पडण्याला एवढे महत्त्व का, हे समजले की पुढचे बरेचसे उलगडते. चक्राच्या पहिल्या भागात इस्ट्रोजेन हे संप्रेरक गर्भपिशवीच्या आतले अस्तर वाढवते. बीजांडकोशातून बीज सुटले की मागे राहिलेल्या पेशी प्रोजेस्टेरॉन हे दुसरे संप्रेरक तयार करतात आणि ते त्या अस्तराची वाढ रोखून त्याला पक्के करते. गर्भ राहिला नाही तर दोन्ही संप्रेरकांचे प्रमाण उतरते आणि अस्तर एकाच सुमारास सुटून बाहेर पडते, हीच पाळी. बीज सुटलेच नाही तर प्रोजेस्टेरॉन मिळत नाही आणि अस्तर वाढतच राहते. जुना रंग न खरवडता भिंतीवर थरावर थर देत गेले की पुढे कुठलाही पोपडा कधीही निघतो, तसे हे अस्तर मग तुकड्यातुकड्यांनी, वेळीअवेळी, कधी थेंबभर तर कधी भरमसाट सुटू लागते. वयात येताना आणि पाळी जाण्याच्या सुमारास होणाऱ्या अनियमित रक्तस्रावामागे हेच कारण फार वेळा असते. अडचण अशी, की वरून हुबेहूब असाच दिसणारा रक्तस्राव गर्भपिशवीतल्या गाठींमुळे, संसर्गामुळे, फसलेल्या गर्भधारणेमुळे किंवा कर्करोगामुळेही होतो, आणि त्यांतला फरक घरबसल्या ओळखता येत नाही.

‘माझी पाळी पहिल्यापासून अशीच आहे’

एका पाळीत 80 मिलिलिटरपेक्षा जास्त रक्त जाणे म्हणजे अतिस्राव, अशी व्याख्या पूर्वी केली जात असे. संशोधनासाठी ती सोयीची होती, पण प्रत्यक्षात कोणीच रक्त मोजत नाही. त्यामुळे आता स्त्रीच्या शारीरिक, मानसिक किंवा सामाजिक जीवनात अडथळा आणणारा रक्तस्राव म्हणजे अतिस्राव, असे मानले जाते. हा बदल योग्य दिशेचा आहे, तरी त्यातून एक गट निसटतो असे मला वाटते. जिची पाळी पहिल्यापासूनच जास्त आहे, तिने आपले प्रवास, कपडे, कामाचे दिवस असे सगळेच त्या चार दिवसांभोवती बेतून घेतलेले असते, आणि म्हणून अडथळा येतो का असे विचारले तर ती प्रामाणिकपणे ‘नाही’ असे सांगते.

अशा वेळी नेमक्या खुणा उपयोगी पडतात. दर तासा-दोन तासांनी पॅड पूर्ण भिजणे आणि हे सलग काही तास चालणे, केवळ पॅड बदलण्यासाठी रात्री उठावे लागणे, एकाच वेळी दोन पॅड वापरल्याशिवाय बाहेर पडता न येणे, अडीच सेंटिमीटरपेक्षा मोठ्या रक्ताच्या गाठी पडणे किंवा रक्तस्राव 8 दिवसांच्या पुढे रेंगाळणे, यांपैकी एकही गोष्ट पाळीपाळीला होत असेल तर ती दाखवावी. जिना चढताना धाप लागणे, छातीत धडधडणे, सतत थकवा वाटणे हे त्या रक्तस्रावाचे परिणाम असू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन दर डेसिलिटरमागे 12 ग्रॅमपेक्षा कमी असेल तर तो रक्तक्षय होय. मात्र शरीरातला लोहाचा साठा त्याच्याही आधी संपत आलेला असतो आणि तो फेरिटिन या तपासणीत दिसतो. जास्त पाळी जाणाऱ्या स्त्रीला वर्षानुवर्षे केवळ लोहाच्या गोळ्या देत राहणे हा अर्धवट उपचार आहे, कारण रक्त का जाते हा प्रश्न तसाच राहतो.

कारणे पुष्कळ आहेत. फायब्रॉइड, म्हणजे गर्भपिशवीच्या स्नायूतल्या गाठी, जवळपास नेहमीच कर्करोगाच्या नसतात. अस्तराच्या पेशी गर्भपिशवीच्या स्नायूत शिरल्या तर पाळी जास्त आणि वेदनादायक होते. याशिवाय पॉलिप, म्हणजे अस्तरावर वाढलेला छोटा कोंब, थायरॉइडचा विकार, तांबी, रक्त पातळ करणारी औषधे हीही कारणे असतात. पहिल्या पाळीपासूनच अतोनात रक्तस्राव होणाऱ्या मुलीत आणखी एका शक्यतेचा विचार करावा लागतो, तो म्हणजे रक्त गोठण्याच्या प्रक्रियेतला जन्मजात दोष. फिनलंडचे डॉक्टर एरिक फॉन विलेब्रांड यांनी 1926 साली अशा एका आनुवंशिक विकाराचे वर्णन केले, आणि तो आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. त्यांनी अभ्यासलेल्या कुटुंबातली मुलगी पुढे तेराव्या वर्षी, आपल्या चौथ्या पाळीतल्या रक्तस्रावाने दगावली. आज हा विकार रक्ताच्या तपासण्यांतून कळतो आणि त्यावर उपचार आहेत. पण त्यासाठी पाळीबरोबरच नाकातून वारंवार रक्त येणे, दात काढल्यावर रक्त न थांबणे, सहज काळेनिळे डाग पडणे आणि घरात इतर कोणाला असा त्रास असणे, हे कोणीतरी विचारले पाहिजे किंवा आपण होऊन सांगितले पाहिजे.

‘पाळी जायची वेळ आली, असे व्हायचेच’

या समजुतीमुळे होणारा उशीर मला सर्वांत जास्त चिंतेचा वाटतो. चाळिशीनंतर पाळीचे दिवस बदलतात हे खरे आहे. पाळ्यांमधले अंतर वाढत जाणे, एखादी पाळी चुकणे, रक्तस्राव हळूहळू कमी होणे हा त्या बदलाचा अपेक्षित क्रम. रक्तस्राव वाढत जाणे, दोन पाळ्यांच्या मध्ये डाग दिसणे, पंधरा-पंधरा दिवस पाळी न थांबणे हे मात्र ‘वयाचे’ म्हणून सोडून देण्याजोगे नाही. 45 वर्षांच्या पुढच्या स्त्रीला असा रक्तस्राव होत असेल तर अस्तराचा छोटा नमुना घेऊन तो तपासावा, म्हणजे बायोप्सी करावी, असा सल्ला सहसा दिला जातो. वजन खूप जास्त असेल, मधुमेह असेल किंवा आयुष्यभर पाळी फार अंतराने येत राहिली असेल, तर याहून कमी वयातही हा विचार करतात, कारण या स्थितींत अस्तराला प्रोजेस्टेरॉनच्या नियंत्रणाशिवाय दीर्घकाळ इस्ट्रोजेन मिळत राहते.

सलग 12 महिने पाळी आली नाही की पाळी गेली असे समजतात. त्यानंतर आलेले रक्त कितीही थोडे असो, एकदाच आलेले असो, तपकिरी डागापुरते असो, ते दाखवलेच पाहिजे. या नियमाला अपवाद जवळपास नाही. पाळी गेल्यावर संप्रेरकांचे उपचार घेणाऱ्या स्त्रियांना सुरुवातीच्या काही महिन्यांत डाग दिसू शकतात, पण तेही डॉक्टरांच्या कानावर घालावेत. स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या स्त्रियांनी विशेष सावध राहावे, कारण ते औषध गर्भपिशवीच्या अस्तरावर इस्ट्रोजेनसारखे काम करते.

या बाबतीतले दोन आकडे एकत्र वाचायला हवेत. पाळी गेल्यानंतर गर्भपिशवीच्या अस्तराचा कर्करोग झालेल्या स्त्रियांपैकी दहांतल्या सुमारे नऊ जणींना रक्तस्राव झालेला असतो. उलट बाजूने पाहिले तर, पाळी गेल्यानंतर रक्त आलेल्या शंभर स्त्रियांपैकी नऊ-दहा जणींनाच कर्करोग निघतो. बाकीच्यांत इस्ट्रोजेनअभावी पातळ झालेली योनीची त्वचा किंवा अस्तर, पॉलिप अशी साधी कारणे सापडतात. म्हणजे घाबरून जाण्याचे कारण नाही, आणि घरी बसून राहण्याचेही नाही. पहिली तपासणी बहुधा योनीमार्गातून केलेली सोनोग्राफी असते. अस्तराची जाडी 4 मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल तर कर्करोगाची शक्यता फार कमी राहते, आणि जाडी जास्त असेल किंवा रक्तस्राव पुन्हा झाला तर बायोप्सी करतात. हा कर्करोग रक्ताचा डाग दाखवून लवकर वर्दी देतो आणि गर्भपिशवीपुरता मर्यादित असताना सापडला तर बहुसंख्य स्त्रिया शस्त्रक्रियेने बऱ्या होतात.

‘पॅप स्मिअर स्वच्छ आली होती’

दोन पाळ्यांच्या मधोमध, बीज सुटताना, एखाद-दुसरा डाग दिसू शकतो, आणि गर्भनिरोधक गोळ्या सुरू केल्यावर पहिले तीन महिने अधूनमधून डाग येणेही नवे नाही. हे वगळता मधल्या दिवसांत वारंवार येणारे रक्त तपासून घ्यावे. शरीरसंबंधांनंतर रक्त येण्याला तर स्वतंत्र महत्त्व आहे. त्यामागे गर्भपिशवीच्या तोंडाची सूज, पॉलिप किंवा क्लॅमिडियासारखा संसर्ग असण्याची शक्यता जास्त असते, पण गर्भपिशवीच्या तोंडाच्या कर्करोगाचेही ते एक प्रमुख लक्षण आहे, आणि हा रोग बराच पुढे जाईपर्यंत दुखत नाही.

या कर्करोगाचे जवळपास सर्व रुग्ण एचपीव्ही या विषाणूच्या दीर्घकाळ टिकलेल्या संसर्गातून उद्भवतात. हा संबंध शोधून काढल्याबद्दल हाराल्ड त्सूर हाउझेन यांना 2008 चे नोबेल पारितोषिक मिळाले. संसर्गापासून कर्करोगापर्यंतच्या प्रवासाला साधारण 15 ते 20 वर्षे लागतात; प्रतिकारशक्ती कमकुवत असेल तर हा काळ 5 ते 10 वर्षांवर येतो. ही मधली वर्षे म्हणजेच चाचणीने रोग गाठण्याची संधी. तिचा उपयोग व्हावा म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली उद्दिष्ट ठरवले, की 90 टक्के मुलींना वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंत लस मिळावी आणि 70 टक्के स्त्रियांची 35 व्या आणि पुन्हा 45 व्या वर्षापर्यंत खात्रीशीर चाचणी व्हावी.

मात्र पॅप स्मिअर, म्हणजे गर्भपिशवीच्या तोंडावरच्या पेशी घेऊन केलेली तपासणी, ही चाळणी चाचणी आहे, आणि चाळणी चाचणी काहीही तक्रार नसलेल्या स्त्रीसाठी असते. काही लक्षण नसताना धोका आहे का, एवढेच ती पाहते. लक्षण सुरू झाल्यावर दोन वर्षांपूर्वीचा स्वच्छ अहवाल पुढे करून थांबणे योग्य नाही. तेव्हा डॉक्टरांनी प्रत्यक्ष पाहून तपासणे गरजेचे असते. लस घेतलेल्या स्त्रियांनाही हेच लागू आहे, कारण लस सर्व प्रकारच्या एचपीव्हीपासून संरक्षण देत नाही.

‘पाळीत दुखणारच’

पाळीच्या वेळी अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायने सुटतात, गर्भपिशवी आकुंचन पावते आणि कळा येतात. हे साधे दुखणे पाळी सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत सुरू होते, पहिले एक-दोन दिवस, फार तर तीन दिवस टिकते आणि आयब्युप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिडसारख्या औषधांनी आटोक्यात येते, कारण ही औषधे नेमकी त्याच रसायनांची निर्मिती रोखतात. दुखणे या साच्याबाहेर गेले की विचार करावा. अनेक वर्षे न दुखणारी पाळी पंचविशी-तिशीत दुखू लागणे, दुखणे वर्षागणिक वाढणे, पाळीच्या आधी कित्येक दिवस सुरू होऊन नंतरही रेंगाळणे, पाळीत शौचाला किंवा लघवीला होताना कळ येणे, संबंधांच्या वेळी खोलवर दुखणे, औषध घेऊनही शाळा किंवा काम बुडणे, ही एंडोमेट्रिओसिसची लक्षणे असू शकतात.

या रोगात गर्भपिशवीच्या अस्तरासारख्या पेशी गर्भपिशवीबाहेर, बीजांडकोशावर किंवा आतड्याच्या आवरणावर वाढतात. प्रजननक्षम वयातल्या सुमारे 10 टक्के, म्हणजे जगभरात जवळपास 19 कोटी स्त्रियांना तो आहे असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि तरीही निदान व्हायला अनेक वर्षे लागतात. ‘सगळ्यांनाच दुखते’ हे वाक्य घरात आणि दवाखान्यातही ऐकावे लागते, हे त्यामागचे एक कारण. दुसरे कारण असे, की नेहमीच्या सोनोग्राफीत हा रोग दिसतोच असे नाही. ‘सोनोग्राफी नॉर्मल आहे, म्हणजे काही नाही’ असे सांगितले गेले आणि दुखणे तसेच राहिले, तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेणे यात काहीही गैर नाही.

एकदम उठणारी कळ: वाट पाहू नये अशा वेळा

आतापर्यंतच्या तक्रारींसाठी काही दिवसांत वेळ घेऊन जाणे पुरते. पुढच्या तक्रारींसाठी त्याच तासाला रुग्णालय गाठावे लागते.

पाळी चुकलेली आहे किंवा नेहमीपेक्षा वेगळी, तुटक आली आहे, आणि ओटीपोटात एका बाजूला दुखते आहे, असे असेल तर गर्भ गर्भपिशवीऐवजी गर्भनलिकेत राहिल्याची शंका घ्यावी. शंभरांतल्या एक-दोन गर्भधारणा अशा असतात. शेवटच्या पाळीपासून सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास लक्षणे दिसू लागतात, आणि नलिका फुटली तर पोटात रक्तस्राव होऊन जीव धोक्यात येतो. तेव्हा बाहेर दिसणारे रक्त अगदी थोडे असू शकते, कारण खरा रक्तस्राव आत चाललेला असतो. या वेळी खांद्याच्या टोकाला दुखणे हे चकवणारे लक्षण असते: पोटातले रक्त श्वासपटलाला टेकते, आणि त्या पटलाच्या व खांद्याच्या संवेदना मणक्यात एकाच ठिकाणी पोहोचत असल्याने मेंदूला खांदाच दुखतो आहे असे वाटते. चक्कर येणे, घाम फुटणे, उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येणे ही त्यापुढची पायरी. घरी केलेली लघवीची चाचणी गर्भ आहे एवढेच सांगते, तो कुठे आहे हे सांगत नाही. ‘माझे कुटुंबनियोजनाचे ऑपरेशन झाले आहे’ किंवा ‘तांबी आहे’ या कारणाने ही शक्यता बाजूला सारू नये. या उपायांनंतर गर्भ राहणे दुर्मीळ आहे, पण राहिलाच तर तो नलिकेत असण्याचे प्रमाण बरेच जास्त असते. नलिका बांधल्यानंतर राहिलेल्या गर्भांपैकी सुमारे एकतृतीयांश असे असतात.

गाठ झालेला बीजांडकोश आपल्याच देठाभोवती पिळला गेला तर अचानक असह्य कळ उठते, आणि तिच्याबरोबर मळमळ व उलट्या होतात. उजव्या बाजूला असेल तर हे अपेंडिक्सचे दुखणे वाटते. कळ मधूनच थांबली तरी धोका टळला असे समजू नये, कारण रक्तपुरवठा तुटलेला बीजांडकोश वाचवायला काही तासच हाताशी असतात. ओटीपोटात दुखून ताप येणे आणि घाण वासाचा स्राव जाणे ही गर्भनलिकांपर्यंत पोहोचलेल्या संसर्गाची चिन्हे आहेत. त्याचा उपचार लांबला तर नलिका कायमच्या बंद होऊन मूल राहण्यात अडचण येऊ शकते. गरोदरपणात कोणत्याही महिन्यात रक्त दिसणे, आणि तासाला एक या गतीने सलग दोन-तीन तास पॅड भिजून चक्कर येणे, या वेळाही याच वर्गात मोडतात. टॅम्पॉन, म्हणजे रक्त शोषण्यासाठी योनीत ठेवायचा बोळा, वापरताना एकाएकी जोराचा ताप, अंगावर पुरळ आणि चक्कर आली तर तो लगेच काढून रुग्णालयात जावे. विषारी जंतुसंसर्गाचा हा प्रकार दुर्मीळ आहे, पण त्याचा जोर फार झपाट्याने वाढतो.

अंगावरून पांढरे जाणे

याविषयी निष्कारण भीती फार आहे. योनीतून स्राव येणे ही तिची स्वतःला स्वच्छ ठेवण्याची रीत आहे. चक्राच्या मध्यावर तो पातळ, पारदर्शक आणि ताणला जाणारा होतो, नंतर घट्टसर पांढरा होतो, आणि त्याने ताकद जात नाही. योनीतले उपयोगी जंतू आम्ल तयार करतात आणि त्यामुळे इतर जंतूंना थारा मिळत नाही. साबण, जंतुनाशक किंवा सुगंधी द्रव आत वापरून धुतल्याने ही व्यवस्था बिघडते आणि त्रास वाढतो.

स्राव बदलला तर दाखवावे. फुटलेल्या दह्यासारखा स्राव आणि खूप खाज असेल तर बहुधा बुरशी, करडा पातळ स्राव आणि मासळीसारखा वास असेल तर जंतूंचा बिघडलेला समतोल, हिरवट-पिवळा फेसाळ स्राव असेल तर ट्रायकोमोनास हा परजीवी, असा ढोबळ ठोकताळा आहे, पण त्यावर विसंबून औषध घेऊ नये. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात बुरशीचा संसर्ग समजून दुकानातून औषध घेणाऱ्या स्त्रियांपैकी केवळ एकतृतीयांश जणींचा अंदाज खरा निघाला. संसर्ग संबंधांतून आलेला असेल तर जोडीदारानेही त्याच वेळी औषध घेणे आवश्यक असते. पाळी गेलेल्या स्त्रीला रक्तमिश्रित, दुर्गंधी स्राव होत असेल तर तो रक्तस्रावाइतकाच गंभीर मानावा. योनीच्या बाहेरच्या भागावर महिनोन्‌महिने टिकलेली खाज, पांढरा चट्टा, न भरणारी जखम किंवा गाठ असेल तर मलमे बदलत न बसता तो भाग डॉक्टरांना दाखवावा.

पाळी न येणे

मुलीला 15 व्या वर्षापर्यंत पाळी आली नाही, किंवा 13 व्या वर्षापर्यंत स्तनांची वाढच सुरू झाली नाही, तर तपासणी करावी. नियमित येणारी पाळी सलग तीन महिने आली नाही तरही करावी, आणि गर्भ राहण्याची शक्यता असेल तर पहिल्याच चुकलेल्या पाळीला चाचणी करावी. गर्भधारणा, थायरॉइडचा विकार, प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचे वाढलेले प्रमाण, झपाट्याने घटलेले वजन, अतिव्यायाम आणि पीसीओएस, म्हणजे संप्रेरकांच्या बिघाडाने बीज नियमित न सुटण्याचा विकार, ही नेहमीची कारणे आहेत. पीसीओएसमध्ये पाळी न येणे म्हणजे ‘कटकट नाही’ असे मानण्याकडे कल असतो, पण वर सांगितलेल्या कारणामुळे अस्तर साचत राहणे हे पुढे धोक्याचे ठरते. म्हणून मूल नको असले तरी पाळी वर्षानुवर्षे लांबू देऊ नये.

पोटाची वाटणारी लक्षणे

बीजांडकोशाच्या कर्करोगात पाळीच्या तक्रारी बहुधा नसतातच. पोट फुगल्यासारखे वाटणे, चार घास खाताच पोट भरणे, ओटीपोटात सतत जडपणा, लघवीला वारंवार किंवा घाईने लागणे, अशी त्याची लक्षणे असतात, आणि ती पित्त, गॅस किंवा वय यांच्या खात्यावर टाकली जातात. असा त्रास तर कधी ना कधी सगळ्यांनाच होतो, हा आक्षेप रास्त आहे. फरक वारंवारतेत आणि नवेपणात आहे. ही लक्षणे नव्याने सुरू झाली असतील आणि महिन्यातून 12 पेक्षा जास्त वेळा जाणवत असतील, विशेषतः पन्नाशीनंतर, तर सोनोग्राफी आणि सीए-125 ही रक्ताची तपासणी करावी. या रोगासाठी चाळणी चाचणी उपयोगी पडते का हे पाहण्यासाठी ब्रिटनमध्ये दोन लाखांवर स्त्रियांचा अभ्यास झाला. 2021 मध्ये त्याचे निष्कर्ष आले, आणि चाचणीमुळे मृत्यू कमी झाल्याचे दिसले नाही. त्यामुळे या रोगात तरी लक्षणांकडे लक्ष देणे हाच हाती असलेला मार्ग आहे.

अंग बाहेर येणे, खोकताना-हसताना लघवी होणे या तक्रारी जिवावरच्या नसतात. पण ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम, आत बसवायची रिंग आणि गरज पडल्यास शस्त्रक्रिया, असे उपाय असताना संकोचाने त्या वर्षानुवर्षे सोसण्याचे कारण नाही.

‘दाखवले तर गर्भपिशवी काढायला सांगतील’

ही भीती निराधार आहे असे म्हणता येत नाही, म्हणून पर्याय माहीत असावेत. कर्करोग नसलेल्या अतिस्रावासाठी पाळीच्या दिवसांत घ्यायच्या ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडच्या गोळ्या, संप्रेरकांच्या गोळ्या, गर्भपिशवीत बसवायचे व तिथेच संप्रेरक सोडणारे साधन आणि फक्त गाठ काढण्याची शस्त्रक्रिया हे मार्ग आहेत, आणि यांतले कोणते औषध कोणाला चालेल हे तिच्या इतर आजारांवर ठरते. गर्भपिशवी काढण्याचा सल्ला मिळाला तर निदान नेमके काय आहे, बायोप्सी झाली आहे का, आधी कोणते उपाय करून पाहता येतील आणि बीजांडकोशही काढणार आहेत का, हे विचारावे. बीजांडकोश काढले की पाळी जाण्याचे सगळे परिणाम एकदम सुरू होतात, आणि तरुण वयात त्यातून हाडे व हृदय यांना धोका वाढतो.

आतून तपासणी करायची असेल तर ती का हवी हे विचारण्याचा, सोबत स्त्री कर्मचारी किंवा घरची व्यक्ती असावी असे सांगण्याचा आणि मध्येच थांबवण्याचा हक्क प्रत्येक स्त्रीला आहे. कधीही शरीरसंबंध न आलेल्या मुलीची सोनोग्राफी पोटावरून करता येते, त्यामुळे त्या एका धास्तीने दाखवणे लांबवू नये.

जाताना शेवटच्या तीन-चार पाळ्यांच्या तारखा, दिवसाला लागलेले पॅड, रक्त किंवा दुखणे चक्राच्या कितव्या दिवशी आले, आणि गोळ्या, तांबी, रक्त पातळ करणारी औषधे असे जे काही चालू असेल ते लिहून न्यावे. ‘खूप जाते’ यापेक्षा ‘दुसऱ्या दिवशी आठ पॅड लागले आणि रात्री दोनदा उठावे लागले’ या वाक्याने डॉक्टरांना पुढची तपासणी ठरवायला खरी मदत होते. औषध सुरू करून तीन महिने झाले आणि फरक पडला नाही, तर ते आपण होऊन बंद न करता, तोच कागद पुढच्या तारखा भरून परत न्यावा आणि निदान पुन्हा तपासायला सांगावे.